पाऊण सेकंदाची बचत

बस आगाराच्या पहिल्या मजल्यावर वेळापत्रक विभाग होता आणि त्या विभागात बसणाऱ्या एकुलत्या एका माणसाला सगळे सेकंदराव म्हणत. हे नाव कौतुकानं मिळालेलं नव्हतं. सात दहाची बस सात पन्नासला सुटते आणि हा गृहस्थ मात्र चहा पिण्याजोगा निवायला किती सेकंद लागतात ते मनगटावरच्या घड्याळात मोजत बसतो, हे एकदा ड्रायव्हर मंडळींनी पाहिलं आणि नाव चिकटलं ते कायमचं. त्यानं कधी तक्रार केली नाही. आपण आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आजवर एकही बस धावलेली नाही, हे तो नव्या माणसाला पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते सांगायचा आनंद मिळत नसे.

बढाई मारायची जागा त्यानं घरी राखून ठेवली होती. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला त्याचा कॉम्प्युटर होता आणि त्यावर गेली एकोणीस वर्षं तो एक ब्राउझर लिहीत होता. इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्राम, चारचौघांकडे असतो तसाच, फक्त याच्यात चित्रं नव्हती, रंग नव्हते, हलणारं-सरकणारं काही नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एवढाच कारभार. डोळ्याचं पातं लवायच्या आत पान उघडतं म्हणून त्याचं नाव त्यानं 'पातं' ठेवलं होतं. नाव ठेवण्याआधी खात्री असावी म्हणून बायकोला समोर बसवून तिचं पातं लवायला किती वेळ लागतो तेही त्यानं मोजून पाहिलं. त्यानंतर मोजण्यासाठी म्हणून ती त्याच्यासमोर पुन्हा कधी बसली नाही.

पातं वापरणारी माणसं जगात किती होती, हे देवालाच ठाऊक. त्याला पत्रं लिहिणारी अकरा होती. त्यांतले दोघं नेमानं लिहीत. एक होता मालवाहू जहाजावरचा वायरलेसवाला. भर समुद्रात त्याला इंटरनेट मिळे ते थेंबाथेंबानं, आणि त्यातही पान उघडून दाखवणारं पातंच, म्हणून तो सेकंदरावांवर फार खूश असे. दुसरी होती कोर्टातून निवृत्त झालेली टायपिस्ट. ती खूश कधीच नसे. तिचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच होतं, की तुमचा ब्राउझर स्टाइलशीट वाचत नाही, आणि त्यामुळे पानावर जे दिसायला नको तेही दिसतं.

आता स्टाइलशीट म्हणजे काय, तर पानाबरोबर येणारा एक वेगळा कागद. पानावर मजकूर असतो आणि या कागदावर त्या मजकुराला कसं नटवायचं त्याच्या सूचना असतात. हे अक्षर मोठं, ते निळं, ही चौकट उजवीकडे, अमुक ओळ ठळक. सेकंदराव त्याला नटवायचा कागद म्हणत आणि म्हणताना ओठ थोडे वाकडे करत. हा कागद मागवायचा, तो यायची वाट बघायची, आला की हजारो ओळी वाचायच्या, आणि एवढं करून पदरात काय, तर मथळा निळा. पातं तो कागद मागवतच नसे. त्यामुळे पाव सेकंदात पान हजर. मागवला असता तर एक सेकंद लागला असता. म्हणजे दर पानामागं पाऊण सेकंदाची बचत, हे गणित तो पाहुण्यांना सांगे आणि पाहुणे घड्याळाकडे बघत.

त्याच कागदात एक बारीकशी सूचना अशीही असते, की ही ओळ दाखवूच नका. टायपिस्टबाईंचा रोख तिच्यावर होता. सेकंदरावांनी तिला एकदा दोन पानी उत्तर लिहिलं होतं. पान लिहिणाऱ्यानं जे लिहिलंय ते सगळं वाचायचा वाचणाऱ्याला हक्क आहे, माझा ब्राउझर कुणाच्या लपाछपीत सामील होणार नाही, असं त्यात एक वाक्य होतं. ते त्याला इतकं आवडलं, की त्यानं त्याची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. रोज सकाळी शर्ट काढताना ते दिसे.

पत्रं न लिहिणारी, पण रोज पातं वापरणारी एक बाई मात्र त्याच्या अगदी जवळची होती. त्याची थोरली बहीण, ताई. ताई शाळेत भाषा शिकवायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली असतील-नसतील, तोच एका आजारात तिच्या दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांवरचा पारदर्शक पडदा गढूळ झाला. अंगठ्याएवढी पांढरी अक्षरं काळ्यावर असली तर तिला वाचता येत, एका वेळी पडद्यावर पाच-सहा ओळी. रंगीत, नटवलेल्या पानांचा तिला नुसता चिखल दिसे. पातं तिच्यासाठी केलेलं नव्हतं, पण तिला त्याच्यासारखं काही दुसरं मिळालंही नसतं. सेकंदराव हे श्रेय मनातल्या मनात घेत, उघड घ्यायची छाती होत नसे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की कुणीतरी जाताना दिलेला पडदा मिळाला तर डाव्या डोळ्यानं ताईला नीट दिसू लागेल. त्यासाठी नेत्ररुग्णालयात यादी होती. ताईनं नाव घालून तेरा महिने झाले होते. आपला नंबर कितवा ते रुग्णालयाच्या पानावर दिसे आणि ताई रोज सकाळी चहाच्या आधी ते पान उघडून बघे. आधी एकवीस होता, मग चौदा, मग नऊ. नंबर लागला की रुग्णालय मोबाइलवरही निरोप पाठवी, पण ताईला मोबाइल कानाला लावण्यापुरताच कळे, त्यावरची मुंगीएवढी अक्षरं तिच्या उपयोगाची नव्हती. तिची सगळी भिस्त त्या पानावर, म्हणजे पात्यावर, म्हणजे सेकंदरावांवर होती.

रविवारी तो ताईकडे जायचा. जेवण व्हायचं, गप्पा व्हायच्या, आणि मग तिच्या कॉम्प्युटरवर तो वेळ मोजायचा. मोजायला पान ठरलेलं, रुग्णालयाचंच, कारण ते जड होतं आणि उघडायला तब्बल अर्धा सेकंद घ्यायचं. एका रविवारी त्यानं कळ दाबली आणि पान पाव सेकंदाच्याही आत उघडलं. त्यानं पुन्हा दाबली. पुन्हा तेच. रुग्णालयानं त्याच आठवड्यात पान नव्यानं केलं होतं, नंबर दाखवणं बंद केलं होतं, सगळा नट्टापट्टा उचलून त्या वेगळ्या कागदात नेला होता, आणि उरलेलं पान हलकंफूल झालं होतं. सेकंदराव खुर्चीत अर्धे उठले.

"ताई, पाव सेकंद. पाव सेकंदाच्या आत."

"हो का," ताई म्हणाली.

"एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं."

"बरं झालं हो," ती म्हणाली आणि उठून कप विसळायला गेली.

त्यानं वहीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. पुढच्या रविवारी ताई म्हणाली, की ते पान नको, हवामानाचं मोज. त्यानं हवामानाचं मोजलं. का नको, हे विचारायचं त्याला सुचलं नाही, कारण हवामानाचं पानही काही वाईट नव्हतं.

असा महिना गेला. मग एका संध्याकाळी बायकोनं ताईला सहज फोन केला आणि फोन ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, ताईंचं नाव यादीतून काढलं, आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही?"

"कुणी काढलं?"

"रुग्णालयानं. महिना झाला म्हणतात. तुम्हाला माहितीये म्हणाल्या."

"मला?"

"तुम्ही स्वतः पान बघितलंत म्हणे. त्यांच्यासमोर. आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून विषय काढला नाहीत. किती समजूतदार आहे माझा भाऊ, असं म्हणत होत्या."

सेकंदरावांना तो रविवार आठवला. त्या रविवारी त्यानं पान उघडलं होतं, दोनदा उघडलं होतं, आणि पानावर काय लिहिलंय याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो घड्याळाकडे बघत होता. पण हा विचार फार वेळ सोसवण्यासारखा नव्हता, म्हणून त्यानं तो बाजूला सारला आणि त्याऐवजी रुग्णालयावर संतापायचं ठरवलं. तेरा महिने एका शिक्षिकेला ताटकळत ठेवायचं आणि मग सरळ नाव उडवायचं, म्हणजे काय चाललंय काय. रात्री जेवताना त्यानं तीन वेळा "मी बघतो त्यांच्याकडे" असं म्हटलं. बायको काही बोलली नाही. ती बोलत नसे तेव्हा तिला काहीतरी दिसलेलं असे, हे त्याला लग्नाच्या बावीस वर्षांत कळलं होतं, पण वेळेवर कधीच आठवत नसे.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, लॅपटॉप काखेत मारून तो रुग्णालयात गेला. जाताना ताईचं पान उघडून त्यानं ते नीट वाचलं होतं आणि वाचून त्याचं डोकं आणखीच फिरलं होतं. चौकशीच्या खिडकीशी बारा-पंधरा माणसं रांगेत होती. आतल्या बाईंच्या गळ्यात दोन चष्मे होते. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं ठरवून आल्याप्रमाणे आवाज चढवला.

"माझ्या बहिणीचं नाव यादीतून का काढलंत?"

बाईंनी नंबर विचारला, टाइप केला, एक चष्मा काढून दुसरा लावला. "काढलेलं नाही. नाव आहे."

"तुमच्याच पानावर लिहिलंय. आपलं नाव यादीतून कमी करण्यात आलं आहे."

"असं कसं असेल? उलट त्यांची पाळी आली होती." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "नऊ दिवसांपूर्वी. निरोप पाठवला होता, पानावरही होतं. दोन दिवसांत होकार कळवायचा असतो. कळवला नाही, म्हणून पडदा पुढच्या नंबरला दिला."

सेकंदरावांना पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. पाळी आली होती. आली, दोन दिवस दारात उभी राहिली आणि निघून गेली.

"पण पानावर लिहिलंय," तो म्हणाला. आवाज आता चढवलेला नव्हता. त्यानं लॅपटॉप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि पान उघडलं. पाव सेकंदात उघडलं. आपण प्रतीक्षा यादीत आहात. त्याच्या खाली, आपली पाळी आली आहे, दोन दिवसांत होकार कळवावा. त्याच्या खाली, आपलं नाव यादीतून कमी करण्यात आलं आहे. आणि सगळ्यांत खाली, याबाबत फोन करू नये.

बाईंनी आपला पडदा त्याच्याकडे वळवला. तिथं तेच पान होतं, निळ्या चौकटीत, आणि त्यात एकच ओळ होती. आपण प्रतीक्षा यादीत आहात.

"सगळी वाक्यं पानात असतातच," बाई म्हणाल्या. "ज्याला जे लागू असेल तेवढंच दिसतं, बाकीची लपवलेली असतात. लहान पोरालाही दिसतं ते. तुम्हाला सगळी कशी दिसतायत?" त्यांनी वाकून त्याचा लॅपटॉप पाहिला, काळा पडदा, पांढरी अक्षरं. "हे कुठलं काय वापरता तुम्ही?"

"ब्राउझर आहे."

"कुणी केलाय?"

मागं रांग होती. रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान पुढं काढली होती. एकोणीस वर्षं सेकंदराव या प्रश्नाची वाट बघत होते, कुणीतरी परक्या माणसानं आपण होऊन विचारावा, आणि आपण सहज सांगावं.

"आहे एक ओळखीतला," तो म्हणाला.

"मग त्याला सांगा, आधी वाचायला शिक म्हणावं," बाई म्हणाल्या आणि त्याच्या मागच्या माणसाकडे वळल्या. ताईचा नंबर त्यांनी त्याला चिठ्ठीवर लिहून दिला. उत्तर दिलं नाही की नाव खाली पंधराव्या नंबरावर जातं, असा नियम होता. पहिल्या नंबरावर पोचलेली ताई आता चौदावी होती.

ताईच्या घरी जायला त्यानं बस धरली. बस पस्तीस मिनिटं उशिरा आली आणि पहिल्यांदाच त्याला ते बरं वाटलं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही ती काही बोलली नाही, वर्गात उत्तर चुकतंय हे कळत असूनही मुलाला वाक्य पूर्ण करू देत असे तशी. मग म्हणाली, "म्हणजे माझं नाव आहे."

"आहे. चौदावं."

"नाव आहे ना पण." तिनं पदरानं डोळे टिपले, जे डॉक्टरांनी तिला करू नकोस म्हणून सांगितलं होतं. "मला वाटलं, उपयोग नाही म्हणून टाकलं असेल. वय झालं, आता हिला कशाला, असं."

हे ऐकून सेकंदरावांना भडभडून आलं. रागावली असती तर बरं झालं असतं, तयारी त्याचीच करून तो आला होता.

"तू विचारलं का नाहीस ताई, त्यांना?"

"फोन करू नये असं लिहिलं होतं." शाळेत तीस वर्षं सूचनाफलक लिहिलेली बाई ती. "आणि तीन ओळी वाचल्यावर सरळच होतं की. आधी यादीत होते, मग पाळी आली, मला कळलं नाही, मग नाव काढलं. अगदी क्रमानं लिहिलंय असं वाटलं मला. आणि तू पाहिलंस. तू तर काय उड्याच मारत होतास. मी म्हटलं, मला धीर यावा म्हणून करतोय."

"मी वाचलं नव्हतं, ताई."

"ते कळलं आता."

मग तिनं विचारलं, "तो कागद वाचला असता तुझ्या ब्राउझरनं, तर किती वेळ लागला असता?"

"एक सेकंद."

"आणि आता किती लागतो?"

"पाव."

"म्हणजे माझा पाऊण सेकंद वाचवलास." ती त्याच्याकडे बघत होती, म्हणजे तिच्यापुरता तो जिथं होता तिकडं. "अरे, चौदा महिने झाले मला थांबून. पाऊण सेकंद थांबले असते मी."

घरी येऊन त्यानं कपाटाच्या दारावरचं वाक्य काढलं. ते नीट निघालं नाही, 'लपाछपीत' तेवढं दाराला चिकटून राहिलं. मग तो टेबलाशी बसला आणि ज्या कागदाला एकोणीस वर्षं नाक मुरडलं तो वाचायचं काम त्यानं पात्याला शिकवायला घेतलं.

ते वाटलं होतं त्याहून किचकट निघालं. रुग्णालयाचा कागद नऊ हजार ओळींचा होता आणि त्यात लपवण्याच्या सूचना होत्या साताठ. शिवाय त्या कागदात दुसरा कागद मागवायची सूचना होती आणि दुसऱ्यात तिसरा. सगळं इमानदारीनं वाचायचं म्हटल्यावर पान साडेतीन सेकंदांनी उघडलं आणि सेकंदरावांना घाम फुटला. मग त्यानं ठरवलं, की रंग, चौकटी, मोठं-लहान या सगळ्याकडे पात्यानं डोळेझाक करायची आणि लपवा म्हणणारी ओळ तेवढी उचलायची. वेळ एका सेकंदावर आला. त्या खाली काही केल्या जाईना. एकदा आणलेला कागद घरात जपून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच वापरायचा, अशीही युक्ती त्यानं केली, पण रुग्णालयानं कागद बदलला तर, या भीतीनं त्याला झोप येईना, म्हणून रोज एकदा नवा आणायचं ठरलं. आणि कागद आलाच नाही, तर पानाच्या डोक्यावर ठळक ओळ टाकायची. सूचनांचा कागद आला नाही, पानावर नको ते दिसत असेल, जपून वाचावं. ही ओळ लिहायला त्याला दोन दिवस लागले, कारण प्रत्येक वेळी तिच्यात आपली थोडी बाजू मांडायचा मोह होई.

तयार झालं तसं त्यानं ते ताईच्या कॉम्प्युटरवर घातलं. तिनं पान उघडलं.

"आलं," ती म्हणाली. "पण यावर काही नाहीये."

खरंच काही नव्हतं. काळा पडदा, कोरा. झालं होतं असं, की कागदाच्या शेवटी छपाईसाठी म्हणून एक वेगळा भाग होता, पान छापताना हे लपवा, ते लपवा असं सांगणारा. लपवण्याच्या कामाला लागलेल्या पात्यानं भाविकपणे तेही पाळलं होतं आणि झाडून सगळं लपवलं होतं. आधी काही लपवत नव्हतं, आता काही दाखवत नाही, असं ताई म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली. सेकंदरावही हसले. दुसरं काय करणार होते.

ते दुरुस्त झाल्यावर त्यानं अकराही जणांना पत्र लिहिलं. जहाजावरच्या वायरलेसवाल्याचं उत्तर आलं, की त्याच्याकडे पान आता वीस सेकंदांनी उघडतं, आणि तुम्हीही शेवटी इतरांसारखेच निघालात. हे त्याला लागलं. त्यानं वायरलेसवाल्यासाठी कागद न मागवण्याची एक कळ ठेवली, पण ती दाबली की डोक्यावरची ठळक ओळ सुटत नसे. टायपिस्टबाईंना वेगळं माफीचं पत्र गेलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. मिळालं, आता तळटिपांचं बघा.

ताईचं रोजचं पान आता सेकंदानं उघडे आणि त्यावर एकच ओळ असे. नंबर ती रुग्णालयात फोन करून विचारून घेई. चौदा, मग बारा, मग नऊ. रविवारी तो जाई तेव्हा घड्याळ खिशात ठेवी. एकदा त्यानं पाहिलं, ओळ वाचून झाल्यावर ताई खालची कळ दाबत होती. एकदा, दोनदा, तीनदा.

"खाली काही नाहीये ताई. काढलंय मी."

"हो रे, माहितीये," ती म्हणाली आणि चौथ्यांदा दाबली. त्यानं मान दुसरीकडे वळवली.

पाच महिन्यांनी, एका सोमवारी, सकाळी तो आगारात बसला होता. सात दहाची बस सात पन्नासला का सुटते यावर साहेबांना अहवाल हवा होता. फोन वाजला. ताईचा होता, आणि ती या वेळी कधी फोन करत नसे.

"पानावर आलंय, पाळी आली म्हणून," ती म्हणाली. "एकच ओळ आहे. गुरुवारी सकाळी नऊ वाजता यायचंय."

सेकंदराव उभे राहिले. आनंद होण्याआधी त्याच्या डोळ्यांपुढून तो नऊ हजार ओळींचा कागद सरकला. साताठ सूचना. एखादी सुटली असेल. रुग्णालयानं रात्रीतून कागद बदलला असेल आणि पात्यानं जुनाच वापरला असेल. जी ओळ लपायला हवी तीच दिसत असेल आणि खरी लपली असेल. एकोणीस वर्षांत लिहिलेल्या एकेका ओळीवर त्याचा विश्वास होता असं तो समजत आला होता, आणि आता थोरल्या बहिणीला "हो, खरं आहे" एवढे तीन शब्द सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "तू एकदा रुग्णालयात फोन करून विचार."

"केला की," ताई म्हणाली. "आधी त्यांनाच केला, मग तुला."

"मग?"

"बरोबर आहे म्हणाल्या. होकारही कळवला." मग तिनं विचारलं, "तू येशील ना गुरुवारी?"

"येतो. साडेआठला येतो."

"आठला ये," ताई म्हणाली, "आणि तुमच्या बसनं येऊ नकोस."